एकास पन्नास

बत्तीस वर्षं राजापुरात दातांच्या कवळ्या घडवल्या.
लोकांना हसू परत दिलंस, असं डॉक्टर म्हणायचे.
मी फक्त माप बघायचो.
अर्धा मिलिमीटर चुकला की माणूस जेवत नाही.

आता त्याच कोरणीनं, त्याच भिंगाखाली,
जैतापुरात, मागच्या पडवीत,
‘सलामत’ बांधतोय.
बासष्ट फुटांची फतेमारी, एकास पन्नास,
म्हणजे पावणेअडतीस सेंटिमीटर.
पठाण सागाचा, जुन्या खिडकीच्या चौकटीतला.
वाक एकवीस, एकेक वाफेवर धरून वळवलेला.
शालन म्हणते, या घरात भातापेक्षा लाकूड जास्त शिजतं.

नकाशा नव्हताच.
बांधणाऱ्यांनी ती वितीनं बांधली, डोळा बारीक करून,
आणि मोडणाऱ्यांनी काही न मोजता मोडली.
माझ्याजवळ एक फोटो आहे. त्यात निम्मी ‘सलामत’,
निम्मा कुणाचा तरी खांदा.
उरलेली सगळी हुसेनमियाँ सोलकरांच्या डोक्यात,
तिचे शेवटचे तांडेल.

शुक्रवारी नमाज आटपून येतात.
खुर्ची देतो, बसत नाहीत.
उकिडवे होऊन डोळा टेबलाच्या कडेला आणतात,
जणू टेबल म्हणजे भरतीची रेघ.
“डोलकाठी लय सरळ झाली.
ती पुढं झुकायची रे,
दारात कोण आलंय बघायला
उंबऱ्यावरनं वाकलेल्या बाईसारखी.”
काढली. दोन अंश झुकवून बसवली.
“अजून.”
पुन्हा काढली.

शीड शिवताना मात्र हरलो.
बाजारातली सर्वांत तलम मलमल आणली;
भिंगाखाली मोजलं तर तिचा एक धागा
त्या जगात करंगळीएवढा जाड.
असलं शीड कुठल्या वाऱ्यानं भरणार?
शेवटी पतंगाचा कागद, चहाच्या पाण्यात बुडवून.

पुढल्या शुक्रवारी त्यांनी उजवी कूस चाचपली.
“ठिगळ कुठं हाय?”
कसलं ठिगळ?
“मंगळुरी कौलं भरून येताना खडकाला घासली.
तीन फुटांची फळी बदलली. आईनाची. रंग कधी जुळला नाय.”
मी म्हटलं, चाचा, मी ती नवी असतानाची करतोय.
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं कवळी तोंडात बसल्यावर लोक पहिल्यांदा बघायचे,
हे कुणाचे दात?
“नवी असताना मी तिला बघितलीच नाय.”

अठरा मिलिमीटर आईन.
चांगली गुळगुळीत कूस कापून बसवला.
हात थोडा थरथरला, तसाच राहू दिला.

एकदा परातीत तरंगवून बघितली. तो वेडेपणा.
पाणी एकास पन्नास होत नाही.
थेंब आपल्याच आकाराचा हट्ट धरतो,
नाळेवरून लोंबतो मडक्याएवढा,
लाट उठत नाही, नुसती परात हलते.
पुसून परत घोडीवर ठेवली.

काल ते पुडी घेऊन आले.
माझी मागच्या आठवड्याची कटकट लक्षात ठेवून,
की चुलीच्या पेटीत घालायला वाळू मिळत नाही,
बारीकात बारीक कणसुद्धा धोंडा दिसतो.
पुडीत राख होती. त्यांच्या घरच्या चुलीची,
वस्त्रगाळ केलेली, सुनेची ओढणी वापरून
(सुनेला सांगू नकोस).
सुकाणूपाशी, नखाएवढ्या पेटीत,
दात कोरायच्या सुईच्या टोकानं ती भरली.
दोघंही बोललो नाही.
खाडीवरून कुणाची तरी होडी फटफटत गेली.

मग ते वाकले, आणखी वाकले,
गाल जवळजवळ फळीला टेकला,
आणि ओठांचा चंबू करून शिडावर अलगद फुंकले.
कागद फुगला.
परबाण किंचित फिरली, दोरी ताठली,
आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला,
हुकुमाचा, मला न कळलेला,
कुण्या खलाशाला दिलेला.

मी ओरडलो,
चाचा, फुंकू नका, डिंक ओला आहे.